पुस्तक बदललं ते साल

पुस्तकाचं मुखपृष्ठ वाळवीनं खाल्लं,
त्याला आता बरीच वर्षं झाली.
लिहिणाऱ्याचं नाव त्यातच गेलं.
नाटकाचं नाव तेवढं बोर्डावर उरलंय.
इराप्पा पेंटर दर जत्रेला तोच पत्रा पुसतो,
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक, नियमाप्रमाणं,
आणि नुसतं साल बदलतो.

मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसतो,
मांडीवर पुस्तक, हातात बॅटरी.
बॅटरीतले सेल मागंच काढून
रेडिओत घातले, ते तिथंच राहिले.
कुणाला काही फरक पडला नाही.

बेळगावहून पाव्हणे येतात, शिकलेले.
मटणाचं जेवण झालं की विचारतात,
दरसाल हेच काय करूलाय?
दुसरं नाटकच नाही का मिळत?

मिळतं की.
पण खानापुरात भाड्यानं मिळणारे पडदे तीनच,
बंगला, रस्ता आणि कोर्ट.
पोरं गोव्याला बेकरीत, पुण्याला वर्कशॉपात,
रजा चार दिवसांची, त्यातला एक दिवस बसमध्ये.
तालीम म्हणजे दोन रात्री आणि शाळेची खोली.
मिरजेहून येणाऱ्या कुसुमावतीबाईंना हेच पाठ आहे,
त्यांच्या गुडघ्यांनाही,
कुठल्या वाक्याला बसायचं, काय धरून उठायचं.
थोरल्या भावाचा कोट लुमाण्णाच्या मापाचा.
लुमाण्णा गेला. त्याच्या पोराला, ओमाणीला,
तो कोट खांद्यात बसला,
म्हणजे पार्टही बसला.

आणि कोर्टाचा अंक तर काढताच येत नाही.
जज्ज म्हणतो, "पुढची तारीख,"
आणि सगळं मैदान हसतं.
लिहिणाऱ्यानं तिथं हसू लिहिलेलं नाही.
बंदोबस्ताचा पोलीसही हसतो, तोंड फिरवून.

एका साली पुस्तक बदललं.
सुबराव मास्तरांनी स्वतः लिहिलं होतं,
उद्यमबागेतल्या फाउंड्रीवर, तुटलेल्या बोटांवर.
खरंच चांगलं होतं.
रात्री एकटा वाचताना मी रडलो होतो.
प्रयोगात कुणी उठून गेलं नाही, कुणी ओरडलं नाही,
माणसं नुसती बसून राहिली,
परक्याच्या सोप्यावर बसावीत तशी.
मधल्या अंकात नीलव्वा, पुढं पोत्यावर बसलेली,
शेजारणीला विचारत होती, हळूच,
पण विंगेत ऐकू आलं,
"अळूदु यावाग?"
रडायचं कधी?
मास्तर माझ्या मागंच उभे होते.
त्यांना कन्नड चांगलं येतं.

पुढच्या साली त्यांनीच माळ्यावरून
जुना पत्रा काढून दिला.
काही बोलले नाहीत.

औंदा तिसऱ्या अंकात ओमाणी अडला.
बापाच्या कोटात, बापाच्याच जागेवर,
बहिणीनं दार लावलेलं, आणि त्याला वाक्य सुचेना.
मला येत होतं. ओठावर होतं.
का कुणास ठाऊक, मी दिलं नाही.
पेटीवाला तोच सूर धरून बसला.

नीलव्वाला मराठी वाचता येत नाही.
तिचा जन्म पलीकडच्या गल्लीत, कन्नडात गेला.
पोत्यावरूनच ती म्हणाली,
"बाई गं, होस्तिल नाही वलांडत.
पाणी तेवढं बाहेर दे."

पुस्तकात उंबरा आहे.
ओमाणीनं ऐकलं, मान वर केली,
आणि होस्तिलच म्हणाला.
कुणी हसलं नाही.
बायका नेहमीच्या जागी रडल्या,
जरा आधीच.

पहाटे पडदे गुंडाळताना मी पेन्सिल मागितली.
एकसष्टाव्या पानावर, उंबऱ्याच्या शेजारी,
होस्तिल लिहून ठेवलं, बारीक, आपल्या लिपीत.
खोडलं काहीच नाही.

खलनायकाची मिशी मात्र पुरती गेलीय.
खानापूरला जाईन तेव्हा बघायला हवी.